दात झिजलेलं गिऱ्हाईक

दिवाळी अंकात करंज्या-अनारशांच्या शेजारी वजडीचं पान येणार, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी त्यांना दोनदा विचारलं, "वाचणारे शिव्या घालतील, चालंल का?" ते हसले. ते स्वतः दर रविवारी माझ्याकडून मुंडी-पाया नेतात, पिशवीत पिशवी घालून आणि वर मेथीची जुडी ठेवून. म्हणून त्यांना धीर आला असावा. ज्यांना हे पान उलटावंसं वाटेल त्यांनी खुशाल उलटावं, माझा राग नाही. सदतीस वर्षं लोक माझ्या दुकानासमोरून नाकाला पदर लावून गेलेले आहेत.

मी कौसाबाई. जिंतूरच्या मटन मार्केटात आमचं दुकान आहे. आम्हा खाटकांच्या घरात कामाची वाटणी ठरलेली असते. बकरं सोलणं, तोडणं, तोलणं पुरुषाचं. वजडी धुणं, मुंडी-पाया भाजणं बाईचं. मालक गेले तेव्हा मुलगा शाळेत होता, म्हणून सत्तूरही माझ्याच हातात आला. पहिला महिनाभर लोक मटनाकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघायचे. मग तोडणी बरी आहे आणि माप पक्कं आहे हे कळलं आणि त्यांचं बघणं थांबलं. आता मनगटं गेली आहेत. दुकान सून बघते, मी बाजूच्या स्टुलावर बसून तिला चुका सांगते आणि तिच्या कपाळाच्या आठ्या मोजते.

वजडी म्हणजे बकऱ्याचा कोठा. लोकांना ती पांढरीशुभ्र, घडी घातलेल्या टॉवेलसारखी हवी असते. ती आपोआप तशी होत नाही. आधी आतला चारा झाडायचा, चार पाण्यांत धुवायची, मग गरम पाण्यात चुना घालून वरची काळी साल खरवडायची. त्या चुन्यानं बोटं सोलून निघतात. माझे ठसे रेशनच्या मशीनवर उमटत नाहीत. मशीन म्हणतं मी मी नाहीच, आणि दर महिन्याला तिथं माझं भांडण होतं.

कुत्र्याची वजडी वेगळी. तिला चुना लावायचा नाही, नुसती झाडून एका पाण्यातून काढायची. आम्ही तिला हिरवी वजडी म्हणतो. तिचा वास माणसाला सोसत नाही आणि कुत्रं त्याच वासावर जीव टाकतं. आणखी एक गोष्ट मला सासूनं पहिल्याच वर्षी शिकवली होती. काळजावर किंवा फोफशात पाण्याचे फोड दिसले तर तो तुकडा कुत्र्यापुढं कधी टाकायचा नाही, खोल पुरायचा. त्या फोडातून रोग कुत्र्यात जातो आणि कुत्र्यातून माणसात येतो. सासूला अक्षर येत नव्हतं, पण पुढं जनावरांच्या डॉक्टरांनीही मला हेच सांगितलं.

ही हिरवी वजडी नेणारं माझं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक म्हणजे लिंबाजी. देवगाव फाट्याच्या रस्त्यावर मन्मथअप्पांचं शेत आहे, तिथं तो बावीस वर्षं सालगडी होता. दर गुढीपाडव्याला साल संपायचं आणि त्याच दिवशी नवं धरायचं. शेतावर काबऱ्या नावाचं कुत्रं होतं, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचं. रानडुकरांना ते एकटं हुसकावून लावायचं. लिंबाजीनं त्याला पिल्लू असल्यापासून कच्चंच चारलं होतं. "भाकर टाकली तर हुंगून तोंड फिरवतंय," असं तो कौतुकानं सांगायचा. मी म्हणायचे, "तूच बिघडवलास." तो म्हणायचा, "मंग? मला तरी कुणी बिघडवलंय का? त्याला तरी बिघडू द्या."

दोन वर्षांपूर्वीच्या पाडव्याला लिंबाजीनं साल धरलं नाही. गुडघे गेले होते. तो पालमला लेकीकडं राहायला गेला. लेकीचं घर एका खोलीचं, त्यात चार माणसं. काबऱ्या शेतावरच राहिला. नवा सालगडी आला तो माळकरी, मटनाला हात न लावणारा.

पाडव्यानंतर आठ-दहा दिवसांनी एक म्हातारा माणूस माझ्या दुकानासमोर येऊन उभा राहिला. दुकानाकडे पाठ, तोंड समोरच्या चपला शिवणाऱ्याकडे. पांढरं धोतर, पांढरी टोपी. मला वाटलं कुणाची तरी वाट बघतोय. थोड्या वेळानं त्या पाठीतून आवाज आला.

"बाई, ते कुत्र्याचं सामान हाय का?"

मी वाकून बघितलं. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाचा दोरा. मन्मथअप्पांना कोण ओळखत नाही? शिवनाम सप्ताहात ज्यांच्या हातून वीणा खाली ठेवली जात नाही ते हेच. लिंगायताच्या घरचा माणूस, सत्तर वर्षांत मटन मार्केटाच्या गल्लीत पाय टाकला नसेल.

"अप्पा, वाट चुकलाव का?"

"चुकलो न्हाई. लिंबाजीचा काबऱ्या चार दिस झाले दूध-भाकरीला तोंड लावंना. नुसता फाटकाकडं बघायलाय."

"मग लिंबाजीला बोलवून घ्या."

"त्याला काय तोंड दाखवू? जाताना त्यानं एकच इचारलं, अप्पा, काबऱ्याचं कसं? म्या म्हनलो, तुझं कुत्रं उपाशी मरू द्यायचो न्हाई. शब्द दिलाय, बाई. दर आयतवारी त्याचा फोन येतोय. खायलाय का म्हून इचारतोय."

सगळं बोलणं चपलांच्या दुकानाकडे तोंड करून चाललं होतं. चपला शिवणारा टाका अर्धा ठेवून ऐकत बसला. मला हसू येत होतं आणि येत नव्हतंही. मी लिंबाजीला द्यायचे तेच बांधून दिलं: हिरव्या वजडीचे तळहाताएवढे तुकडे, फोफसं आणि एक नळीचं हाड. अप्पांनी पाठमोरंच हात मागं करून स्टीलचा डबा माझ्यापुढं धरला. डब्याच्या झाकणावर खिळ्यानं फुली मारलेली होती, घरातल्या भांड्यांत चुकून मिसळू नये म्हणून.

दोन दिवसांनी पाठ पुन्हा आली. "खायलाय, पण ओकायलाय. जसंच्या तसं बाहीर पडायलंय."

कुत्रं बघितल्याशिवाय काही सांगता येणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी अप्पा त्याला शेजाऱ्याच्या रिक्षात घालून घेऊन आले. काबऱ्या मला ओळखत होता. माझ्या साडीला सदतीस वर्षांचा वास आहे, मला न ओळखणारं कुत्रं जिंतुरात नसेल. मी त्याचं तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की लिंबाजीला नळी देताना आपण इतकी वर्षं आत कधी बघितलंच नाही. सुळे खुंटासारखे उरले होते. दाढा टाकी न लावलेल्या जात्यासारख्या सपाट झालेल्या. तरुणपणी साखळी चावण्याची खोड आणि पुढं आयुष्यभर हाडं. पुढच्या चार दातांची तर नुसती जागा होती.

"अप्पा, ह्याला चावता येत न्हाई. गिळायलाय. कोठ्यात जाऊन अडकायलंय म्हून ओकायलाय."

"मग लिंबाजीकडं कसं खायचा?"

तो प्रश्न मलाही पडला होता. मी रविवारी लिंबाजीला फोन लावला. तो म्हणाला, "बाई, म्या दगडावर ठेचून द्यायचो. दीड-दोन साल झालं. सांगायचं राहूनच गेलं."

त्या दिवशी मी अप्पांना नियम सांगितले. कच्चंच द्यायचं, कारण त्याचा कोठा त्यालाच सरावला आहे. एकदम शिजवलेल्या अन्नावर आणलं तर हगवण लागेल. पण मोठा तुकडा नाही. नुसता खिमा, तोही बाजरीच्या दाण्याएवढा बारीक. दिवसातून एकदा भरपूर नाही, तीनदा थोडं थोडं. काळीज चिमूटभरच, जास्त झालं तर पोट सुटतं. जनावरांच्या दवाखान्यातून जंताचं औषध वेळच्या वेळी. भांडं आणि हात साबणानं धुवायचे, खिमा उरला तर सरळ पुरायचा. आणि शेवटी सत्तूर ठोकळ्यावर आपटून सांगितलं, "ह्या तोंडाला पुन्हा हाड न्हाई. कसलंच न्हाई."

"हाड न्हाई," अप्पा पाठमोरेच म्हणाले.

खिमा हातानं करणं म्हणजे काय ते यंत्रावरचा खिमा खाणाऱ्यांना कळायचं नाही. माझा ठोकळा चिंचेच्या खोडाचा आहे, मधून बशीसारखा झिजलेला. दोन्ही हातांत दोन सत्तूर घ्यायचे आणि एका तालात चालवायचे. वजडी चिवट असते, ती तुटत नाही, सरकते. म्हणून आधी बर्फाच्या पेटीत ठेवून जरा ताठ करायची, मग सुरीनं उभे पट्टे, मग आडवे, मग सत्तूर. त्यात मऊ मांस, थोडी चरबी आणि नरड्याची कुरकुरीत कडी पार बारीक करून घालायची. हाड बंद केलं की हाडातला जोर दुसरीकडून द्यावा लागतो. त्यासाठी डॉक्टरांनी एक भुकटी लिहून दिली होती. पेटीतलं गार तसंच घालायचं नाही, जरा वेळ बाहेर ठेवून कोमट होऊ द्यायचं. म्हाताऱ्या कुत्र्याचं नाक मंद झालेलं असतं, गार मांसाचा वास त्याला येत नाही.

सून म्हणाली, "आत्या, माणसांसाठी एवढं बारीक कधी केलं न्हाईत."

मी म्हणाले, "माणसाला दात हायेत."

खरं सांगायचं तर मला अभिमान वाटत होता. बारशाच्या, लग्नाच्या पंगतीला माझ्या हातचं मटन गेलं आहे, पण पानात काय पडलं हे मला कधी दिसलं नाही. काबऱ्या महिन्याभरात भरला. बरगड्या दिसायच्या थांबल्या. अप्पा दर फेरीला पाठीतून बातमी द्यायचे, "काल भुंकला. डुकरं आली व्हती." एकच अडचण होती, सोमवार. सोमवारी अप्पा या गल्लीत येत नसत. घरच्या फ्रिजमध्ये हे सामान ठेवायची सोय नव्हती, शेतावर फ्रिज नव्हता. मी म्हणाले, एक दिवस उपाशी राहिल्यानं कुत्रं मरत नाही, उलट कोठ्याला आराम मिळतो. तेव्हापासून सोमवारी दोघंही उपास करू लागले. अप्पांना ते मनापासून आवडलं होतं.

आता मी ते सांगते, ज्यासाठी हे लिहायला घेतलं.

आखाडातला शेवटचा रविवार. आमच्या धंद्यातल्या माणसाला या दिवसाबद्दल वेगळं सांगायला नको. दुसऱ्या दिवसापासून श्रावण, म्हणजे महिनाभर लोकांची तोंडं बंद. त्या एका दिवसात माणसं महिन्याचं खाऊन घेतात. सकाळपासून रांग रस्त्यापर्यंत गेली होती. मुलगा सोलत होता, सून तोलत होती, मी तोडत होते. मनगट सुजून काळंनिळं पडलं होतं. अशा वेळी अप्पा आले. पाठ फिरवायला जागाच नव्हती, म्हणून रांगेच्या कडेला मान खाली घालून उभे राहिले.

"बाई, गावात सप्ताह बसायलाय. उद्या सोमवार, मंगळवारी बी मला यायला व्हायचं न्हाई. मंगळवारचं बी आजच बांधून द्या."

आजचा खिमा तयार होता. मंगळवारचा करायचा तर हात अर्धा तास अडकणार. रांगेतले लोक ओरडत होते. मी समोर बघितलं. कोवळ्या करडाच्या बरगड्या पडल्या होत्या, इतक्या कोवळ्या की बोटानं वाकतात. मी त्या डब्यात टाकल्या आणि म्हणाले, "मंगळवारी हे द्या. कवळं हाय. जराशिक ठेचा." अप्पांनी एकदा डब्यात बघितलं, एकदा माझ्याकडं. मला वाटलं काहीतरी बोलतील. मी पुढच्या गिऱ्हाइकाला "किती?" म्हणून विचारलं. अप्पा निघून गेले.

बुधवारी सकाळी मार्केट रिकामं होतं, श्रावणात असतं तसं. अप्पा धावत आले. पहिल्यांदाच माझ्याकडे तोंड करून उभे राहिले. डोळे लाल झाले होते.

"बाई, काबऱ्याला बाहीरलं व्हत न्हाई. कालपासून बसायलाय, उठायलाय. रगत पडायलंय."

"काय दिलं व्हतं?"

"तुमी दिल्यालंच. उकळून."

"उकळून? कामून उकळलं, अप्पा?"

"दोन दिस ठेवायचं व्हतं. दूध ठेवायचं तर तापवून ठेवतो का न्हाई? नासू नये म्हून म्या दोनदा उकळी आनली. आन् हरभरा कसा शिजवला की मऊ व्हतो, तसं ते हाड बी मऊ व्हईल म्हनलो. त्याला दात न्हाईत म्हून."

ज्याच्या घरात सात पिढ्यांत मटन शिजलं नाही, त्याला हे कुठून कळणार? आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं की कुत्र्याला कच्चं हाड चालतं, शिजवलेलं चालत नाही. कच्चं हाड ओलं असतं, चुरतं. शिजवलं की कडक होतं आणि मोडताना त्याच्या सुयांसारख्या कपच्या निघतात. मी हे अप्पांना कधी सांगितलं नव्हतं, कारण हे कुणाला सांगावं लागतं असं मला वाटलंच नव्हतं. झिजलेल्या दातांच्या कुत्र्यानं त्या बरगड्या चावल्या नसणार, मोडून तशाच गिळल्या असणार.

मी तशीच त्यांच्याबरोबर निघाले. जिंतूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि परभणीला घेऊन जा म्हणाले. गाडी करून नेलं. काबऱ्याचं डोकं अप्पांच्या मांडीवर होतं, धोतरावर लाळ आणि रक्त. अप्पा वाटभर शिवनाम घेत होते आणि मध्येच थांबून त्याच्या कानात म्हणत होते, "लिंबाजीला काय सांगू रं मी?"

परभणीला फोटो काढला. काळ्या फिल्मवर पांढऱ्या कपच्या दिसत होत्या, एका जागी गठ्ठा झालेल्या. डॉक्टर तरुण होते. भूल देऊन, तेल सोडून, दोन तास खपून त्यांनी त्या बाहेर काढल्या. हात धुता धुता ते रागानं म्हणाले, "या वयाच्या कुत्र्याला शिजवलेलं हाड कुणी दिलं?"

मी तिथंच उभी होते. तोंड उघडलंही होतं.

"म्या दिलं," अप्पा म्हणाले. "मव्ही चूक."

आणि मी तोंड मिटलं.

हे लिहायला दोन ओळी लागल्या, पण तेव्हापासून दीड वर्ष मी ते तोंड मिटूनच ठेवलं. मी स्वतःला समजावत होते की हाड दिलं ते खरं, पण उकळलं कुणी? कच्चं ठेचून दिलं असतं तर काही झालं नसतं. कदाचित हे खरंही असेल. पण नियम मी घातला होता आणि गर्दी बघून मीच मोडला होता. सत्तूर चालवणाऱ्या माणसाला आपला हात कुठं घसरला ते दुसऱ्यानं सांगावं लागत नाही.

काबऱ्या वाचला. पण त्यानंतर तो भांड्यातलं खाईना. भांडं बघितलं की मागं सरकायचा. डॉक्टर म्हणाले, बोरांएवढ्या गोळ्या करून हातानं भरवून बघा. नवा सालगडी हात लावणार नव्हता. आतापर्यंत अप्पा डबा लांबूनच पळीनं रिकामा करत आले होते. त्या दिवशी शेतावर मी होते. अप्पांनी बाह्या वर केल्या, डब्यात बोटं घातली आणि त्यांच्या अंगावर शहारा आला तो मला दिसला. पहिली गोळी खाली पडली. दुसरी काबऱ्यानं हुंगली आणि बराच वेळ त्यांच्या बोटांकडे बघून घेतली.

मग ते रोजचं झालं. तीन वेळा गोळ्या, तीन वेळा विहिरीवर अंघोळ, मग पूजा. हिवाळ्यातही. गावात बोलणं होणारच होतं. सप्ताहातल्या कुणीतरी त्यांना चारचौघांत विचारलं, "अप्पा, गळ्यात शिव आन् हातात मटन, हे कसं?" अप्पा म्हणाले, "धरम मव्हा हाय, भूक त्याची हाय." पुढच्या सप्ताहात वीणा त्यांच्याकडे आली नाही. ते टाळ घेऊन मागं बसले. मला हे त्यांनी नाही, चपला शिवणाऱ्यानं सांगितलं.

आणि ते माझ्या दुकानी येतच राहिले. आता पाठ करून नाही, सरळ समोर. कुणी कुत्र्यासाठी हाडं घ्यायला आलं की अप्पा त्याला थांबवून सांगायचे, "उकळू नगा बरं का. म्या उकळून मारलंच व्हतं माझ्या कुत्र्याला, देवानं वाचवलं." अनोळखी माणसाला, पोराटोरांना, सगळ्यांना सांगायचे. प्रत्येक वेळी माझे सत्तूर चालू असायचे आणि प्रत्येक वेळी मी ते जरा जोरात चालवायचे. लिंबाजीलाही त्यांनी फोनवर हेच सांगितलं होतं. लिंबाजी मला म्हणाला, "अप्पाला बोलू नगा बाई काही. त्यांना काय ठावं?" मी "हाव" म्हणाले. बाई असून मी गर्दीत, गुंडगिरीत, पावसापाण्यात दुकान चालवलं, कुणाला भ्याले नाही. पण एका शाकाहारी म्हाताऱ्यापुढं चार शब्द बोलायची माझी छाती झाली नाही. मला भीती वाटायची की तो माणूस पुन्हा पाठ करेल.

या गेल्या पौषात मी सकाळचा खिमा करून ठेवला होता. काबऱ्याचं सगळं अगदी थोडं झालं होतं, मूठभर खिम्यात दिवस जायचा. अप्पा आले. डबा धुऊन पुसून आणलेला, नेहमीपेक्षा लख्ख. त्यांनी तो ठोकळ्याच्या कडेला ठेवला.

"आज नगं, बाई. सकाळी गोळी घेतली आन् मान हातावरच टाकली. लय शांतीत गेला."

मी सत्तूर खाली ठेवला. सून आत गेली. अप्पा म्हणाले, "लिंबाजी यायलाय पालमवरून. बांधावर खड्डा घेतलाय. हा डबा घरी नेता येत न्हाई आन् टाकवत न्हाई. तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

तेव्हा माझ्या तोंडून निघालं. काही ठरवलेलं नव्हतं. "अप्पा, त्या आखाडातल्या आयतवारी हाड म्या दिलं. द्यायला नगं व्हतं. खिमा कराया येळ न्हवता म्हून दिलं. डॉक्टरपुढं तुमी नाव घेतलं आन् म्या गप बसले. चूक मव्ही व्हती."

मी मान वर केली नाही. पाठ फिरलेली बघायची नव्हती.

"ठावं हाय मला," अप्पा म्हणाले.

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. ह्या तोंडाला हाड न्हाई, हे तुमीच सांगितलं व्हतं की. म्या इसरलो न्हवतो. डब्यात हाड बघितलं, तवाच मनात आलं का इचारावं. पन रांगेत आमचे सोयरे उभे व्हते, पिशव्या घिऊन. त्यायनं मला बघू नये, मी त्यायला बघू नये, म्हून निघालो." डब्याच्या झाकणावरून त्यांनी अंगठा फिरवला. "तुमाला घाई व्हती, मला लाज व्हती. आन् मधी ते मुकं."

मी विचारलं, "मग दीड वरीस माझ्याच दुकानी कामून आलाव? मार्केटात आनखी चार दुकानं हायेत."

"दुसरीकडं गेलो असतो तर तुमाला कळलं असतं, मला ठावं हाय म्हून," अप्पा म्हणाले. "मग तुमी सत्तूर कसा धरला असता?"

ते शेताकडे निघाले. मी स्टुलावर बसून राहिले. थोड्या वेळानं एक गिऱ्हाईक आलं आणि ठोकळ्यावरचा बारीक खिमा बघून म्हणालं, हाच द्या. सून तागडी उचलायला लागली. मी म्हणाले, "आज खिमा न्हाई." तो मी त्या फुलीच्या डब्यात भरला आणि सुनेला दुकान सांभाळायला सांगून रिक्षा पकडली. बांधावर लिंबाजी खड्ड्याच्या काठाशी बसला होता. अप्पांनी माझ्या हातातून डबा घेतला, बोटांनी एक गोळी केली आणि माती टाकायच्या आधी काबऱ्याच्या तोंडाशी ठेवली. लिंबाजीनं एक ठेवली. मग डबा माझ्यापुढं आला.

संपादकांनी लेख मागितला तेव्हा मी अप्पांना विचारायला गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लिव्हा. पन तुमचीच चूक लिव्हू नगा, मव्ही लाज बी लिव्हा." म्हणून दोन्ही लिहिलं आहे.